लांबवताना आणि ठेचताना बिघडलेलं लोखंड कसं सावरावं

तापलेलं लोखंड घावाखाली नाहीसं होत नाही, ते सरकतं. १२ मिमी चौरस सळईचा ५० मिमी तुकडा ठोकून ८ मिमी चौरस केला, तर तो साधारण ११२ मिमी लांब होतो. थोडंफार कीट, म्हणजे जळालेल्या लोखंडाची काळी खपली, बनून गळतं, तेवढंच कमी. लांबवणं म्हणजे जाडीतला माल लांबीत नेणं आणि ठेचणं म्हणजे लांबीतला माल जाडीत आणणं. चूक झाली म्हणजे माल नको तिथे गेला. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: हा माल ठोकून परत आणता येईल, कानशीने काढावा लागेल, की तेवढा भाग कापूनच टाकायचा?

नवशिक्यांचं काम पहिल्या चुकीने क्वचितच वाया जातं. ते जातं त्या चुकीवर घातलेल्या पुढच्या चार घावांनी. वाकडं दिसलं, तर हात थांबवा, तुकडा डोळ्यासमोर धरा, मग ठरवा. ताव लोखंडाला हवा, ठोकणाऱ्याला नको.

सरावाचा माल

१२ मिमी चौरस (मीटरला १.१३ किलो) आणि १६ मिमी गोल (मीटरला १.५८ किलो) साधं माइल्ड स्टील घ्या. गोल सळईच्या वजनाचा हिशेब दुकानदार तोंडीच करतात: व्यास गुणिले व्यास, भागिले १६२, की मीटरचे किलो मिळतात. ग्रिल आणि गेट बनवणाऱ्या कोणत्याही फॅब्रिकेटरकडे या सळयांचे उरलेले तुकडे पडलेले असतात, सरावाला तेच पुरतात. मुंबईतल्या लोहार चाळीच्या नावावर जाऊ नका, तिथे आता विजेचं सामान मिळतं. हातोडे, कानशी, सांडश्या यांसाठी नागदेवी स्ट्रीट. भंगारासाठी दारुखान्यात जाता येतं, पण तिथला तुकडा कोणत्या जातीच्या पोलादाचा आहे हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. ग्राइंडरवर टेकवून ठिणग्या पाहा. लांब, पिवळसर, कमी फाटे फुटणाऱ्या ठिणग्या म्हणजे साधं स्टील. फुलबाजीसारख्या दाट फुटणाऱ्या ठिणग्या म्हणजे कार्बन जास्त, तो तुकडा सरावाला नको.

बांधकामावरची टीएमटी सळई फुकट मिळते म्हणून सगळे तीच उचलतात. पण तिच्या अंगावरच्या आडव्या उंचवट्यांवर ठोकलं की ते आडवे झोपतात आणि खाली बारीक फटी राहतात. काम बिघडतं ते तुमच्या हाताने की सळईमुळे, हेच कळत नाही. जस्त चढवलेला पाइप किंवा पट्टी भट्टीत घालायचीच नाही, तिचा धूर फुफ्फुसात गेला की ताप भरतो.

ऐरण म्हणून रुळाचा तुकडा चांगला चालतो, फक्त पावतीसह घ्या. रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ पासून वेगळा कायदा आहे. हातोडा एक किलोच्या आसपासचा, एका बाजूला चपटं तोंड आणि दुसऱ्या बाजूला आडवी पाचर असलेला हवा. दुकानात क्रॉस पीन म्हणून मागा. चपट्या तोंडाची कड नवी असताना धारदार असते, ती आधी घासून गोलसर करा. याशिवाय काटकोन तपासायचा गुण्या, तारेचा ब्रश, कानस, कॅलिपर, आणि बारीक धार पडणारी एक झारी. झारीचं काम ठेचताना येईल.

ताव

बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा तावात, म्हणजे तापवण्यात असतं. साधं स्टील लांबवायला नारिंगी ते पिवळा रंग, म्हणजे अंदाजे १०५० ते १२०० अंश सेल्सियस. ठेचायला पूर्ण पिवळा. रंग मंद लालवर, म्हणजे ८०० च्या आसपास आला की जोराचे घाव बंद. त्यापुढे फक्त सरळ करण्यापुरते हलके. आवाजावरूनही कळतं. गरम लोखंडावर घाव दबका पडतो, थंड होऊ लागलं की हातोडा टणकारत उसळतो. २०० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात, जिथे घासलेल्या स्टीलवर पिवळा-निळा रंग चढतो, तिथे ते उलट जास्त ठिसूळ असतं. 'आता फार गरम नाही, जरा वाकवून घेऊ' म्हणून वाकवलेली सळई तिथेच तडकते.

मुंबईत पुष्कळजण गच्चीत किंवा शेडच्या तोंडाशी काम करतात. उन्हात नारिंगी लोखंड फिकं लालसर दिसतं, म्हणून माणूस ते आणखी तापवतो आणि जाळतो. भट्टी आणि ऐरण सावलीत ठेवा, रंग कायम एकाच उजेडात पाहा. पावसाळ्यात दुसरं भान ठेवायचं: ओल्या काँक्रीटवर लाल तुकडा टाकू नका. आतल्या पाण्याची वाफ होऊन काँक्रीटचे टवके उडतात, थेट डोळ्याच्या उंचीपर्यंत.

पांढऱ्या चुरचुरणाऱ्या ठिणग्या निघाल्या, तर लोखंड जळालं. त्याला औषध नाही. ठोकलं की ते गुळाच्या ढेपेसारखं कुस्करतं. चिरा दिसतात तिथून १० ते १५ मिमी मागे, निरोगी भागात कापून टाका. कापायचा भाग वाचवायला जाऊन पुढे तासभर घालवणं हा नवशिक्यांचा आवडता उद्योग आहे.

लांबवताना

चौरसातून चौरसच लांबवा. गोल हवा असेल तरी आधी चौरस, मग अष्टकोन, मग गोल. गोलच ठोकत फिरवत राहिलं, तर बाहेरचा थर सरकतो, गाभा मागे राहतो आणि मधोमध भेग पडते.

*चौकोनाची शंकरपाळी होणं.* सर्वात जास्त होणारी चूक हीच. तुकडा ९० अंश फिरवायच्या जागी ८० च फिरवला, किंवा हातोडा एका बाजूला कलता पडला, की चौरसाचे दोन कोन रुंद आणि दोन निमुळते होतात. शंकरपाळीच्या सपाट बाजूवर ठोकत राहिलात, तर ती आणखी तिरपी होत जाते. सावरायची रीत अशी:

१. काम थांबवून तुकडा पुन्हा पूर्ण नारिंगी तापवा. थंड्यावर हे होत नाही.
२. ऐरणीवर लांब कर्ण उभा धरा, म्हणजे टोकदार कोन वर आणि खाली.
३. त्या कोनावर मध्यम घाव घालत पूर्ण लांबीभर जा. कोन थोडा बसेल.
४. लगेच बाजूवर घ्या, सपाट करा, अगदी काटकोनात फिरवून शेजारची बाजू सपाट करा.
५. गुण्या लावून पाहा आणि लागलं तर पुन्हा करा. दोन-तीन तावांत चौरस परत येतो.

शंकरपाळी पुन्हा पुन्हा होत असेल, तर ऐरणीची उंची मोजा. हात सरळ खाली सोडून मूठ वळली की बोटांची पेरं ऐरणीच्या माथ्याला टेकली पाहिजेत. ऐरण उंच असेल, तर हातोड्याची मागची कड आधी लागते. बुटकी असेल, तर पुढची. दुसरी युक्ती म्हणजे मोजून ठोकणं: एका बाजूवर चार घाव, फिरवून चार घाव. तुकडा फक्त पुढे आणि मागे फिरवायचा, गोल गोल नाही; म्हणजे दोनच बाजूंवर घाव पडतात आणि समोरच्या दोन बाजू ऐरण सपाट करते.

*लांब होण्याऐवजी पसरणं.* सपाट ऐरणीवर सपाट तोंडाने ठोकलेला माल सगळीकडे पसरतो, लांबीत त्यातला थोडाच जातो. पाचरीचं तोंड मालाला पाचरीच्या काटकोनात ढकलतं. म्हणून पाचर सळईला आडवी पडली पाहिजे, तरच लांबी वाढते. ऐरणीचं शिंग (तिचं निमुळतं, गोल टोक) किंवा तिची गोलसर कडही खालून हेच काम करते. पाचरीच्या खाचा जवळजवळ आणि सारख्या खोलीच्या घाला, मग सपाट तोंडाने त्या बसवा. खाच फार खोल गेली, तर तिचे काठ एकमेकांवर दुमडतात.

*पट्टीची धार ठोकायला जाऊन मुडप पडणं.* तुकडा जाडीच्या दुपटीपेक्षा रुंद झाला, की त्याला कडेवर उभा करून ठोकू नका; तो मधून वाकतो किंवा कड खालच्या अंगावर दुमडते. जाडी ६ असताना रुंदी १२ च्या पुढे गेली, तर तिथेच थांबायचं. खरं तर दीडपटीलाच फिरवून घेतलेलं बरं. आधीच वाकला असेल, तर आडवा पाडून सपाट करा, पूर्ण तापवा आणि कडेवर हलके, जलद घाव घाला. प्रत्येक दोन-तीन घावांनंतर पुन्हा आडवा पाडून बाक काढा.

*मुडप म्हणजे नक्की काय,* हे इथेच समजून घ्या, कारण पुढे ठेचतानाही ती भेटणार आहे. लोखंडाचा एक पदर दुसऱ्यावर झोपतो, मधे कीट अडकतं आणि दोघं कधीच जुळत नाहीत. वरून ठोकलं की फट दिसेनाशी होते, पण आत जिवंत असते. नंतर तुकडा वाकवला किंवा पाणी दिलं, म्हणजे लाल असताना बुडवून कडक केला, तर फुटतो तो याच रेषेवर. म्हणून मुडप ठोकून 'बुजवायची' नाही, काढायची. तुकडा हवेवर थंड करा, ब्रश मारा, गोल कानशीने किंवा ग्राइंडरने रेषा दिसेनाशी होईपर्यंत खणा. खाच उथळ, रुंद वाटीसारखी ठेवा, उभी आणि अरुंद नको, नाहीतर पुढच्या घावाला तीच खाच पुन्हा दुमडेल. रेषा संपली की नाही याची शंका असेल, तर थंड तुकड्यावर डिझेलचा बोळा फिरवा, कोरडं पुसा, वर खडूची पूड लावा. फट उरली असेल, तर आतलं डिझेल खडूवर ओली रेघ काढतं. हे भट्टीपासून लांब करा आणि परत तापवण्याआधी तुकडा स्वच्छ पुसा.

*टोकाला बेचकं पडणं.* निमुळतं टोक ओढताना पुढे माशाच्या तोंडासारखी खाच दिसते. गाभा गार, बाहेरचा थर गरम, त्यात घाव हलके. मग बाहेरचा थर गाभ्याच्या पुढे धावतो. दिसल्याक्षणी खाचेच्या तळापर्यंत कापा, कारण ती पुढे ओढली तर लांब भेग होते. मग सुरुवात बदला. आधी टोकाला आखूड, बोथट, चार बाजूंचं मनोऱ्यासारखं टोक करा. सळई ऐरणीच्या पलीकडच्या कडेवर, मागचा हात थोडा वर आणि हातोडा तेवढाच कलता. आखूड टोक झालं, की मागचा माल ओढून उतार लांबवा. टोकावरून लांब उतार करत मागे येऊ नका.

किती माल लागेल याचा अंदाजही नवशिके चुकतात. अणकुचीदार चौकोनी निमुळतं टोक तेवढ्याच लांबीच्या सळईच्या एक तृतीयांश मालात होतं. म्हणजे १२ मिमी चौरसाला १२० मिमी लांब टोक हवं असेल, तर फक्त ४० मिमी माल धरायचा. खूण मध्यपंचाने (सेंटर पंच) करा, खडूची रेघ भट्टीत जाते. पंच खोल मारू नका, तोही खड्डा उरतो.

*मान बारीक होणं.* टोक जाड आणि त्याच्या मागचा भाग बारीक, कारण घाव एकाच जागी पडत राहिले. तिथे आणखी घाव नकोत. बारीक जागेच्या दोन्ही बाजूंचा जाड माल त्याच मापाला उतरवणं हा सोपा मार्ग. माप थोडं लहान होईल, पण सळई एकसारखी होईल. मापात तडजोड चालणार नसेल, तर मान तेवढीच तापवून ठेचा, त्याची रीत खाली आहे. मान मूळ जाडीच्या अर्ध्याहून बारीक झाली असेल, तर ठेचताना ती वाकणारच; तिथे कापणं शहाणपणाचं.

*खांद्यावर पायरी.* ऐरणीच्या धारदार कडेवर ठेवून घाव घातला, की खांद्याच्या कोपऱ्यात चीर पडते. कडेचा थोडा भाग ३ मिमी त्रिज्येने गोल घासून ठेवा आणि खांदे तिथेच पाडा. प्रत्येक घावाला सळई त्याच जागी टेकली पाहिजे. दोन मिमी सरकली, तरी पहिल्या पायरीवर दुसरी पायरी बसते आणि मुडप होते.

बाक आणि पीळ यांना फार वेळ द्यायला नको. बाक प्रत्येक तावाच्या शेवटी, मंद लालवर, पोक वर ठेवून हलक्या घावांनी काढा. पीळ व्हाइसमध्ये धरून पान्याने उलटा फिरवा, फक्त पिळाची जागा लाल असताना. हातोड्याच्या चंद्रकोरी खुणाही त्याच मंद तावात जातात. प्रत्येक ताव भट्टीतून काढला, की ठोकण्याआधी ब्रश मारा, कारण कीट आत ठोकलं गेलं तर जे खड्डे पडतात ते कानशीनेच निघतात.

ठेचताना

इथे संयम जास्त लागतो, कारण मोकळा गरम भाग व्यासाच्या अडीच ते तीनपटीपेक्षा लांब असला की तो फुगण्याऐवजी वाकतो. आधी हिशेब करा. १२ मिमी गोल सळईच्या टोकाला १६ मिमी व्यासाचा २५ मिमी लांब भाग हवा आहे. क्षेत्रफळं ११३ आणि २०१ चौरस मिमी, म्हणून सळईची ४४ ते ४५ मिमी लांबी त्यात जाईल. ती व्यासाच्या पावणेचारपट झाली. एका तावात सगळी घेतली तर वाकणार. आधी टोकाचे ३० मिमी तापवून ठेचा, मग मागचा भाग. हेच १६ चं २० करायचं असेल, तर २५ मिमीसाठी ३९ मिमी लागतात, अडीचपटीच्या आत. म्हणूनच सराव जाड सळईवर सुरू करावा.

१. टोक काटकोनात कापा, कानशीने सपाट करा आणि कडेची धार घासून उतरती करा. धार राहिली, तर तीच पहिली दुमडते.
२. ठरलेला भागच पूर्ण पिवळा तापवा. जास्त लांबी तापली असेल, तर झारीने मागच्या भागावर पाणी सोडा. पाणी फक्त साध्या स्टीलवर. गाडीच्या कमानीचा पाटा किंवा हत्याराचं पोलाद असं लाल असताना भिजवलं, तर तडकतं.
३. सळई ऐरणीवर उभी, गरम टोक खाली किंवा वर, कसंही. पण ती ओळंब्यात हवी. घाव थेट अक्षावर.
४. दोन-तीन जोरदार घाव, मग पाहा. वाकली असेल, तर लगेच आडवी पाडून सरळ करा.
५. रंग नारिंगीच्या खाली गेला, की भट्टीत. ठेचताना मंद लालवर घाव घालणं म्हणजे बाक मागून घेणं.

*बाक.* तो येणारच. प्रश्न एवढाच की किती वाढू देता. ५ अंशांचा बाक आडवा पाडून दोन घावांत निघतो. ३० अंशांवर गेला, तर आतल्या बाजूला सुरकुती पडलेली असते आणि सरळ केल्यावर तिची मुडप होते. तेव्हा आधी ती सुरकुती कानशीने काढा, मगच पुढे ठेचा. बाक दरवेळी एकाच दिशेला येत असेल, तर टोक तिरपं कापलेलं आहे किंवा भट्टीत एक बाजू जास्त तापते. सळई भट्टीत फिरवत राहा.

*टोकाची छत्री होणं.* फक्त शेवटचे ५-१० मिमी पसरतात, मागे काहीच फुगत नाही. दोन कारणं: ताव टोकालाच होता किंवा घाव हलके होते. हलका घाव टोकाशी मुरतो, जड घाव आत पोचतो. छत्रीची कड आडवी पाडून, फिरवत फिरवत सळईच्या मापाला आणा. पण कड पातळ होऊन चिरली असेल, तर आत ठोकू नका, घासून टाका. मग टोक पाण्यात एकदा बुडवून काढा. टोक घट्ट आणि मागचा भाग मऊ, असा ताव मिळाला की माल मागे फुगतो. जड हातोडा नसेल, तर लांब सळईच उचलून खाली ठेवलेल्या जाड प्लेटवर आपटा. १६ मिमीच्या मीटरभर सळईचं दीड किलो वजन घणासारखं काम करतं. पाय बाजूला ठेवा, आणि फरशीवर नाही, प्लेटवर.

*मधेच ठेचायचं असेल,* जसं बारीक मान सावरताना, तर तेवढाच भाग तापवा, दोन्हीकडचा भाग झारीने गार करा आणि टोकावर घाला. पाणी गरम पट्ट्यावर वाहून येऊ नये म्हणून सळई उताराने धरा. फुगवटा एका बाजूला सरकला, तर जास्त फुगलेल्या बाजूवर पाणी सोडून उरलेली बाजू ठेचा.

*फुगवटा एका अंगाला येणं.* अक्ष सुटला आहे. बाहेर आलेल्या अंगावर आडवे घाव घालून माल मध्यावर ढकला, टोक पुन्हा काटकोनात घासा, आणि पुढचा ताव सळई अर्धी फिरवून घ्या.

हवं त्यापेक्षा १ ते २ मिमी जास्त जाड ठेचून ठेवा. नंतर सपाट करून मापाला आणताना, घासताना तेवढं जातं. कमी ठेचलेलं पुन्हा ठेचण्यासाठी तयार काम परत भट्टीत न्यावं लागतं, जास्त ठेचलेलं मात्र चार घावांत उतरतं.

सावरलेला तुकडा तसाच वापरात देऊ नका. पुन्हा सगळीकडून सारखा लाल करा आणि वाऱ्याची झुळूक, पावसाचे शिंतोडे नसतील अशा जागी सुक्या विटेवर हवेवर गार होऊ द्या. हात लावता येईल इतका थंड झाला, की ब्रश, नंतर डिझेल आणि खडू. रेघ उमटली, तर तो भाग कापायचा, आणि कापलेला तुकडा ढिगात परत न टाकता रंगाचा ठिपका लावून वेगळा ठेवायचा, म्हणजे पुढच्या आठवड्यात तोच पुन्हा हातात येणार नाही.